मदत हवी आहे: घरी शिवलेल्या बेबी कॅरियरचा खांद्याचा बंद जोडावर उसवतोय

चार बंदांचा, बिनबक्कलचा कॅरियर शिवला आहे. मधला भाग ३८ सेंमी रुंद, ४८ सेंमी उंच. बाहेरून सुती ड्रिल, आतून मऊ अस्तर. खांद्याचे बंद प्रत्येकी २ मीटर, कमरेचे ८० सेंमी. बाळ ८ महिन्यांचं, साडेआठ किलोचं. बाळाला घालण्याआधी १५ किलोचं पोतं बांधून पाहिलं, तर डाव्या खांद्याच्या जोडावर ओळीने भोकं दिसू लागली आणि कोपऱ्यातून टीप उसवली. बंद दोन थरांमध्ये दीड सेंमी आत आहे, वरच्या कडेने एकावर एक तीन टिपा. दोरा सुती, सुई १४ नंबर. नुसता दोरा बदलून भागेल का?

प्रतिसाद १
नाही, जोड पूर्ण उसवा. एकाच रेषेत तीन टिपा मारल्या की सुईची भोकं इतकी जवळ येतात की कापड तिथेच फाटायला तयार होतं. त्यात बंद जेमतेम दीड सेंमी आत, म्हणजे सगळा भार त्या एका रेषेवर.

बंद किमान ७ सेंमी आत जायला हवा, थोडा तिरका, म्हणजे खांद्यावरून जशी ओढ येते त्याच दिशेने. ड्रिलचाच एक जादा तुकडा पूर्ण रुंदीभर, १० सेंमी उंचीचा, बाहेरच्या कापडाच्या आतून लावा. बंद या दोन थरांवर शिवायचा. अस्तरावर भार अजिबात नको, ते शेवटी वरून झाकायला. आत गेलेल्या बंदावर चौकोन आणि चौकोनात फुली अशी टीप. कडेपासून अर्धा सेंमी सोडून, टाका ३ मिमीचा. बारीक टाका जास्त मजबूत वाटतो, पण इथे तो कापडच कापतो. दोरा चांगला पॉलिस्टर, सुई नवी, १६ नंबरची. जाड थरांवर मशीन अडलं तर चाक हाताने फिरवा, कापड ओढू नका. ओढलं की सुई वाकते आणि टाका सुटतो. खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसले तर फूट (सुईखाली कापड दाबून धरणारा भाग) वर करून वरचा दोरा पुन्हा ओवा.

जुन्या भोकांची पट्टी ठेवू नका. वरून अडीच सेंमी कापून टाका. उंची साडेपंचेचाळीस झाली तरी बसलेल्या बाळाच्या मानेपर्यंत कापड पोचतंय ना, एवढं मोजून घ्या.

प्रतिसाद २
बंद कसा कापला आहे? उभ्या धाग्यावरच हवा, म्हणजे कापडाच्या लांबीच्या दिशेने. उरेब, म्हणजे तिरका कापलेला बंद भाराने लांबतो, गाठ पक्की असूनही बाळ खाली सरकतं. १० सेंमीचा तयार बंद हवा असेल तर २२ सेंमी रुंद कापा (दुमडून ११, त्यात १ सेंमी माया, म्हणजे शिवणीत जाणारं कापड). मध्ये जोड नको. कापण्याआधी कापड धुऊन इस्त्री केलेलं असावं. नाहीतर पहिल्या धुण्यात ड्रिल आटेल आणि जोडाजवळ चुण्या पडतील.

खांद्यावर कापूस किंवा फोम भरला असेल तर तो जोडाच्या ३ सेंमी आधी थांबवा. टिपेखाली मऊ भरण आलं की दबतं आणि टाका सैल पडतो.

धागाकर्ता
भरण जोडाच्या आतपर्यंत गेलंय, ते काढते. कमरेचे बंदही असेच शिवायचे का?

प्रतिसाद १
तिथे जोडच ठेवू नका. एकच अखंड पट्टी, ८० + ३८ + ८० म्हणजे १९८ सेंमी, मधल्या भागाच्या खालच्या कडेला पूर्ण रुंदीभर, दोन समांतर टिपांनी. ओढ पट्टीतूनच जाते, शिवणीवर येते ती फार थोडी.

प्रतिसाद ३
चाचणी बाळाच्या दुप्पट वजनाने करा, म्हणजे १७ किलो. तासभर लटकवा, मधूनमधून हिसके द्या, मग दोन्ही जोड उजेडासमोर धरून पाहा. टाक्यांच्या भोकांतून उजेडाची फट दिसली तर पुन्हा उसवा, कृपया चालवून घेऊ नका.

बांधल्यावर बाळाचे गुडघे ढुंगणापेक्षा वर आणि मांड्यांखाली गुडघ्यापर्यंत कापड हवं. हनुवटी छातीला टेकलेली नको, मध्ये दोन बोटं बसावीत; चेहरा सतत दिसावा, नाकावर कापड नको. खांद्याचे बंद स्वतःच्या पाठीवर फुली करून बाळाच्या ढुंगणाखालून नेऊन दुहेरी गाठ मारा. हे वाचून चार महिन्यांच्या आतल्या किंवा वेळेआधी जन्मलेल्या बाळासाठी कोणी शिवणार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि दर वेळी बांधण्यापूर्वी दोन्ही खांद्यांच्या जोडावरच्या फुलीच्या टिपेवरून बोट फिरवा, सुटलेला टाका डोळ्याआधी बोटाला लागतो.