सगळ्या एरर जॉइन करून वर ढकलणाऱ्यांनो, जरा थांबा

दाभोळचा_गोफर
काल 'निलनाही' यांनी लिहिलं की गो या प्रोग्रामिंग भाषेतली एरर हाताळणी दोन वाक्यांत संपते: प्रत्येक थरात पर्सेंट-डब्ल्यूने रॅप करा (आतली एरर शोधता येईल अशी ठेवून तिच्याभोवती आपला मजकूर गुंडाळा), आणि लूपमध्ये जमलेल्या सगळ्या एरर एरर्स.जॉइनने एकत्र करून वर, म्हणजे फंक्शन बोलावणाऱ्या कोडकडे, पाठवा, "वरचा बघून घेईल". त्यावर नुसते अंगठे. हा वरचा कोण आणि तो नक्की काय बघणार, हे एकानेही विचारलं नाही.

गेल्या हंगामात एका बागायतदाराने दुसऱ्याकडून करून घेतलेला कोड माझ्याकडे दुरुस्तीला आला. हापूसच्या पेट्या थेट गिऱ्हाइकाच्या घरी. संध्याकाळी दिवसभराच्या ऑर्डरी एका लूपमधून कुरियरच्या एपीआयला (सर्व्हरवरच्या बुकिंगच्या सोयीला) जायच्या, फसतील त्यांच्या एरर जॉइन व्हायच्या आणि बाहेर एकच एरर यायची. वर तपासणी अशी, की एरर्स.इजला (अमुक एरर आत आहे का ते सांगणाऱ्या फंक्शनला) त्यात 'आधीच बुक आहे' सापडलं तर काम झालं समजा आणि निल, म्हणजे 'एरर नाही', परत करा. एका पेटीपुरतं हे बरोबरच आहे. त्या दिवशी मात्र एक ऑर्डर चुकून दोनदा आलेली, आणि तीन पेट्यांचा टाइमआउट झालेला, म्हणजे ठरल्या वेळात उत्तरच नाही. एरर्स.इज जोडलेल्या-गुंडाळलेल्या एररचं सगळं झाड धुंडाळतं आणि त्यात कुठेही एक जरी जुळली की 'हो' म्हणतं. म्हणजे काम झालं! तीन पेट्या पडवीतच राहिल्या. गिऱ्हाइकाचा फोन आल्यावर उघडल्या तर वरचा थर देठाशी काळा पडलेला आणि खालच्याचा रस पेंढ्यात उतरलेला.

लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, तारीख-वेळ सोडली तर एवढंच होतं ('डेडलाइन एक्सीडेड' म्हणजे टाइमआउट):

बुकिंग: बॅच: कुरियर: पोस्ट: कॉन्टेक्स्ट डेडलाइन एक्सीडेड
कुरियर: पोस्ट: कॉन्टेक्स्ट डेडलाइन एक्सीडेड
कुरियर: पोस्ट: कॉन्टेक्स्ट डेडलाइन एक्सीडेड
कुरियर: ऑलरेडी बुक्ड

जॉइन दोन एररच्या मध्ये न्यूलाइन (नवी ओळ) घालतं, त्यामुळे तारीख-वेळ आणि बाहेरचं रॅपिंग फक्त पहिल्या ओळीला. ग्रेप मारला (लॉगमध्ये शब्द शोधला) तर बाकीच्या तीन ओळी कुठल्या विनंतीच्या, पत्ता नाही. आणि इतके थर रॅप करूनही कुठली पेटी फसली ते कुठेच लिहिलेलं नाही! फंक्शनांची नावं मात्र सगळी आहेत. ती मला कोडमध्ये दिसतातच की.

निलनाही
म्हणजे इज चुकीच्या जागी लावलं एकाने आणि फाशी लाइब्ररीला. इज झाडात शोधतं हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय. जॉइन फेब्रुवारी 2023 मध्ये गो 1.20 बरोबर आलं. त्याआधी आम्ही हाशिकॉर्प कंपनीचं मल्टिएरर पॅकेज प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ओढत होतो, ते दिवस बहुतेक तुम्ही पाहिलेले नाहीत. फाइल लिहून झाल्यावर डिफरमधल्या (फंक्शन संपताना चालणाऱ्या) क्लोजची, म्हणजे फाइल बंद करतानाची, एरर सर्रास गिळली जायची. आता एका ओळीत जॉइन होते. आणि न्यूलाइनचा त्रास होत असेल तर 1.21 पासून लॉग लिहायला एसलॉग आहे, तो न्यूलाइन एस्केप करतो, ओळ मोडत नाही. 2026 मध्ये प्रिंटएफने लॉग करायचे आणि वर रडायचं?

दाभोळचा_गोफर
क्लोजला खुशाल जॉइन करा. तिथे दोन्ही एरर एकाच कामाच्या असतात, फाइल नीट लिहिली गेली की नाही एवढाच प्रश्न. तुमच्या लूपमधल्या एरर वेगवेगळ्या कामांच्या आहेत. चाळीस पेट्यांचे चाळीस निकाल हवेत. पेटीचा नंबर आणि तिची एरर अशी स्लाइस (यादी) परत करा, नाहीतर मॅप (नंबरावरून एरर सापडेल असा तक्ता). त्याऐवजी एकच एरर दिली की वरच्याकडे दोनच पर्याय उरतात: सगळं पुन्हा कर, नाहीतर सगळं सोडून दे.

जावाकाका_रत्नागिरी
पोरांनो, आमच्याकडे 'कॉज्ड बाय' (एररचं मूळ कारण दाखवणं) 2002 मध्ये आलं, जावा 1.4 मध्ये. क्लोज करतानाची एरर मूळ एररला टांगायची सोय 2011 मध्ये, जावा 7 मध्ये. वर स्टॅक ट्रेस, म्हणजे एरर कोडच्या कुठल्या ओळींतून आली त्याची यादी, फुकट. तुमच्याकडे रॅप केलं की नुसती कोलनवाली माळ, लाइन नंबर शोधायला ज्योतिषी बोलवा. आणि गोच्या टीमने 2025 च्या जूनमध्ये सांगूनच टाकलं की एररसाठी नवं सिंटॅक्स आणण्याचा नाद आता सोडला. म्हणजे ते इफ-एरर-नॉट-निल ('एरर आली का' ही तपासणी) जन्मभर लिहा.

निलनाही
काका, तुमच्या जुन्या कोडमधले रिकामे, एरर गिळणारे कॅच ब्लॉक मीच निस्तरतोय. ट्रेसबद्दल नंतर बोलू.

मालवणी_मसालो
माका एक सांगा, तुम्ही ता इज कशाक फिरवतास? आमच्या पायथनात 3.11 पासून एक्सेप्शन-ग्रुप, म्हणजे एररांचो गट, आसा. एक्सेप्ट-स्टार लावलो काय गटातल्यो जुळतत तेवढ्योच उचलता, उरल्यो आपसूक वर जातत. गोफरच्यो टाइमआउटवाल्यो एरर गिळल्योच नसत्यो. तुमच्या गोत ह्यां हातान करूक व्हया.

दाभोळचा_गोफर
हातानेच करावं लागतं. स्लाइस परत करणारं अनरॅप (आतल्या एरर उलगडून देणारं फंक्शन) त्या एररकडे आहे का ते टाइप असर्शनने, म्हणजे तिचा प्रकार तपासून, बघायचं आणि एकेक तपासायची. त्यात आणखी एक मेख आहे: साधं एरर्स.अनरॅप जॉइन केलेल्या एररवर निल देतं. जुना कोड त्यावर लूप मारत असेल तर पहिल्याच फांदीपाशी थांबतो, आणि गुपचूप थांबतो.

पर्सेंट-डब्ल्यूचंही तेच. प्रत्येक थरात रॅप केलं की आतली एसक्यूएल.एररनोरोज (डेटाबेसची 'ओळ सापडली नाही' ही एरर) वरच्याच्या हाती लागते. तो तिच्यावर इज लावून मोकळा होतो. उद्या डेटाबेस बदलला की त्याचा कोड मोडतो आणि शिव्या आपल्याला. आत काय आहे ते दाखवायचं नसेल तिथे नुसता मजकूर घेणारा पर्सेंट-व्ही असतो, हे 'सगळं रॅप करा'वाल्यांना कोणी सांगतच नाही.

हर्णैची_सुमती
तुम्ही सगळे एररच्या वेष्टनावर भांडताय. तीन टाइमआउट मुळात आले का, हे कोणी विचारलं? क्लायंटला, म्हणजे विनंती पाठवणाऱ्या कोडला, टाइमआउट किती लावला होता? आमच्याकडे मासळीच्या खरेदीची नोंद आणि पावतीचा फोटो पुण्याच्या सर्व्हरला जातो. कॉन्फिग पुण्याहून आलं: तीन सेकंद. संध्याकाळी लिलावाला सगळं बंदर एकाच टॉवरला लटकलेलं असतं. गोच्या क्लायंटचा टाइमआउट कनेक्शनपासून उत्तराची बॉडी वाचून होईपर्यंत सगळा धरतो. तीन सेकंदांत फोटो निम्मासुद्धा जात नाही.

चिपळूणकर_सध्या_पुण्यात
ताई, डीफॉल्ट क्लायंटला टाइमआउटच नसतो, त्यामुळे लोक तो विसरतात आणि गोरूटीन (गोमध्ये एकाच वेळी चालणारी छोटी कामं) साचून सर्व्हर आडवा होतो. तीन सेकंद लावणारा मूर्ख नसतो. गावात रेंज नाही यात सर्व्हरवाल्यांचा काय दोष?

हर्णैची_सुमती
दोष कसला, तुम्ही चाकरमानी ना! गणपतीत चार दिवस यायचं, रेंज नाही म्हणून वर फोटो टाकायचा, आणि परत जाऊन तीन सेकंद लावायचे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा इथले खांब आडवे झाले, लाइट यायला किती दिवस लागले ते दापोलीत कुणालाही विचारा. तेव्हाही तुमच्यासारख्याच एकाने मला विचारलं होतं, "सर्व्हर अप आहे, तुमच्याकडून रिक्वेस्ट का येत नाही?"

चिपळूणकर_सध्या_पुण्यात
वादळ मला शिकवू नका. 22 जुलै 2021 ला आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं आणि आई-बाबा माळ्यावर. रेंज जाते म्हणजे काय ते मला पुरतं माहीत आहे. म्हणूनच म्हणतो, वाट बघत बसण्यापेक्षा लवकर फसलेलं बरं.

जावाकाका_रत्नागिरी
इथे तर रोज दुपारी लाइट जाते. इन्व्हर्टरवर राउटर आणि पंखा यांतलं एकच चालतं. बायको पंखा निवडते.

हर्णैची_सुमती
लवकर फसलेलं बरं, पण फसलंय हे कळलं तर! टाइमआउट आला म्हणजे काम झालं नाही असं नसतं, झालं की नाही ते कळलेलं नसतं. नोंद पोचलेली असते, फक्त उत्तर वाटेत राहतं. मग रिट्राय (तीच विनंती पुन्हा), मग 'आधीच नोंद आहे'. माझ्या लॉगमध्ये या दोन एरर कायम जोडीने येतात. गोफरभाऊ, तुमची ती 'ऑलरेडी बुक्ड' ऑर्डर खरंच दोनदा आली होती, की रिट्रायची करामत?

दाभोळचा_गोफर
तपासलं होतं, खरंच दोनदा आली होती. मुद्दा मात्र पक्का आहे. प्रत्येक पेटीला आपल्या बाजूने एक 'की', म्हणजे स्वतःची ओळखखूण, हवी, तीच रिट्रायलाही. मग 'आधीच आहे' ही एरर कुठल्या पेटीची ते तरी कळेल.

निलनाही
ठीक आहे. रॅप करताना फंक्शनच्या नावाऐवजी पेटीचा नंबर घाला, आणि एकेक निकाल लागत असेल तिथे जॉइन नको. सूचना सुधारतो: "प्रत्येक थरात रॅप करा, डोकं वापरून." झालं समाधान? क्लोजवालं मी सोडणार नाही.

दाभोळचा_गोफर
क्लोजवालं मी पहिल्याच उत्तरात दिलं होतं. वाचत चला.

मालवणी_मसालो
एक्सेप्ट-स्टारच्या नावान कोणी एक अंगठो पण दिल्यान नाय हां.

चिपळूणकर_सध्या_पुण्यात
सुमतीताई, फोटोची रिक्वेस्ट वेगळी काढली आणि तिचा टाइमआउट वीस केला. नोंदीचा तीनच राहील. गोरूटीन साचल्या तर तुमच्या बंदरावर पाठवून देतो.

हर्णैची_सुमती
पाठवा. पण आता मासेमारीच्या बंदीत पाठवा. 1 ऑगस्टला होड्या सुटल्या की मला तुमचे लॉग बघायला वेळ नाही. आणि नोंदीचा तीन कमीच आहे, त्यावर उद्या बोलते, लाइट असली तर.