रेझिन कपातच तापलं, धूर आला. तातडीने मदत हवी

घोडबंदरकर: ट्रे करतोय. इपॉक्सी रेझिनमध्ये हार्डनर (ते घट्ट करणारा दुसरा द्रव) ढवळला, कप बाजूला ठेवून साचा पुसत होतो, तोवर चटका बसेल इतका तापला. धूर, आणि आत पिवळा दगड. डब्यावर वापरायला 45 मिनिटं लिहिलीत! बारावीत तर शिकवलं होतं की उष्मादायी, म्हणजे उष्णता सोडणारी, अभिक्रिया तापमान वाढलं की मागे जाते. मग ही थांबत का नाही? परवा ऑर्डर द्यायचीय.

खारघरची_मीनल: किती घेतलंस? खोलीत एसी आहे?

जुना_सुतार: हार्डनर निम्मा टाक, मी तसंच करतो.

मीनल: काका, असलं सांगू नका हो. रेझिन कडक होताना रेणूंचं जाळं बनतं, हार्डनर स्वतःच त्या जाळ्यात गुंफला जातो. कमी पडला तर चिकट राहतं, महिनाभर ठेवलं तरी.

जुना_सुतार: माझं टेबल अजून उभं आहे.

घोडबंदरकर: प्रमाण बरोबर आहे, त्यात शिरू नका. 600 ग्रॅम. पश्चिमेची खोली, मे महिना, एसी कुठला?

मीनल: मग झालंच की! डब्यावरची वेळ बहुधा 25 अंश आणि 100 ग्रॅमसाठी असते. दहा अंश वाढले की वेग ढोबळमानाने दुप्पट. त्यात खोल कपातली उष्णता बाहेर पडत नाही, ती वेग वाढवते, वेगाने आणखी उष्णता. ढवळल्यावर लगेच पसरट ट्रेमध्ये ओत. पातळ थर दे, कामही पहाटे कर. जुना कप अजून गरम असेल तर गॅलरीत फरशीवर ठेव, कचऱ्याच्या डब्यात नको. आणि धूर हुंगू नकोस.

निवृत्त_मास्तर: बारावीचं उत्तर कोणीच दिलं नाही. 'मागे जाते' हे समतोलाबद्दल आहे, म्हणजे शेवटी किती माल बनून राहतो त्याबद्दल, वेगाबद्दल नाही. अमोनिया बनताना उष्णता निघते, म्हणजे थंडीत अमोनियाचा उतारा जास्त. तरी अमोनिया बनवायच्या हेबर पद्धतीत 400 ते 500 अंश ठेवतात, कारण थंडीत वेगच मिळत नाही. रेझिनची अभिक्रिया जवळजवळ एकाच दिशेची, मागे कुठे जाणार? समतोलाचा हा नियम ल शातेलिए यांनी 1884 मध्ये...

जुना_सुतार: मास्तर, पोराला परवा ट्रे द्यायचाय.

घोडबंदरकर: आधी फ्रिजमध्ये ठेवलं तर?

मीनल: नको. दाट होतं, बुडबुडे सुटत नाहीत, बाहेर काढल्यावर पाणी धरतं. ठाण्याच्या दमट हवेत तर नक्कीच.

घोडबंदरकर: दोन थरांत अंतर किती?

मीनल: खालचा बोटाला चिकटेल, पण बोटावर येणार नाही, तेव्हा दुसरा. कुठल्या कंपनीचं आहे ते अजून सांगितलं नाहीस. काही रेझिन जाड थराला चालतच नाहीत.

वाशीकर_82: धागा वाचला नाही, पण तुर्भ्यात सुटं रेझिन मिळतं का?