भट्टीला कांबळं? रात्री अकराला पश्चिमेच्या भिंतीवर हात ठेवून बघा

गच्चीवाला_अकोला

'काळी_माती' यांनी परवा लिहिलं होतं: "काँक्रीटवाल्यांनी आधी स्वतःसाठी भट्टी बांधली, आता त्याच भट्टीला थर्माकोलचं कांबळं गुंडाळतायत. आमच्या आज्याच्या मातीच्या माळवदी छताखाली मे महिन्यात पंखा लागत नसे." त्यावर भराभर अंगठे पडले. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. त्या भट्टीत मी एकतीस वर्षं काढली आहेत आणि कांबळ्याच्या घरात दीड वर्ष.

आमचं जुनं घर म्हणजे नऊ इंची विटांच्या भिंती आणि वर उघडा स्लॅब. आईची खाट पश्चिमेच्या खोलीत. एप्रिल लागला की ती खाट आम्ही भिंतीपासून हातभर पुढे ओढायचो. रात्री अकराला त्या भिंतीवर तळहात ठेवला की ताप भरलेल्या पोराच्या कपाळावर ठेवल्यासारखं वाटायचं. बाहेर वारा सुटलेला असायचा, अंगणातली फरशी निवलेली असायची, आणि भिंत मात्र दिवसभर खाल्लेलं ऊन आत ओतत असायची. एसी लावला तरी पहाटे तीनपर्यंत तो खोलीशी नाही, भिंतीशी झगडायचा.

नव्या घराच्या भिंतीत मधे ८० मिमी थर्माकोल आहे, दोन्ही अंगांना वेल्ड केलेली जाळी आणि त्यावर दोन्हीकडून ३५-३५ मिमी फवारून मारलेलं काँक्रीट. गेल्या मेमध्ये बंदुकीसारखा तापमापक घेऊन दोन्ही घरांत फिरलो (जुन्या घरात भाऊ राहतो). रात्री अकरा, पश्चिमेची भिंत, आतून: जुनी ४१, नवी ३४. त्या दिवशी दुपारी बाहेर ४५ होतं. आईची खाट भिंतीला टेकलेली आहे.

आणि 'थंड देशातलं तंत्र आपल्याकडे कशाला' हे तर मुळीच लिहू नका. बर्फाची लादी लाकडाच्या भुशात, गोणपाटात गुंडाळून ठेवायची अक्कल आपल्याकडे कधीपासून आहे. कांबळ्याला उष्णता आतून येते की बाहेरून, हे कळत नाही. ते वाट अडवतं, एवढंच त्याचं काम.

काळी_माती

एका उन्हाळ्यावर घर जोखू नका. शेकडो वर्षं टिकलेल्या मातीच्या गढ्या तुमच्या वऱ्हाडातच उभ्या आहेत. त्या थर्माकोलचं चाळीस वर्षांनी काय होणार? पाडताना काँक्रीट, जाळी आणि फोम वेगळे कसे करणार? आग लागली तर त्याचा धूर कोण पिणार? मातीचं घर पडलं की पुन्हा माती होतं.

आणि भिंत श्वास घेते. मातीची, चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तुमची भिंत म्हणजे प्लॅस्टिकचा डबा. मी स्वतः मुळशीकडे मातीच्या विटांचं घर बांधलंय, त्यामुळे पुस्तकी बोलत नाही.

साइटवरचा_माणूस

नागपूर. बावीस वर्षं बांधकामात. दोघांनाही सांगायचंय.

काळी_माती, मुळशीचं उदाहरण विदर्भाला देऊ नका. नागपुरात मे २०१३ मध्ये ४७.९ नोंदलं गेलं होतं. तुमच्याकडे चाळीसला पेपरात बातमी येते.

गच्चीवाले भाऊ, तुम्ही भिंतीवर एवढं लिहिलंत आणि वरच्या मजल्यावर एक अक्षर नाही. स्लॅबवर काय टाकलंय? कारण आपल्याकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. सगळा मार छतावर. सहा इंची उघड्या स्लॅबचा यू-व्हॅल्यू (उष्णता किती सहज आरपार जाते त्याचा आकडा, कमी तितका बरा) साडेतीनच्या आसपास येतो, नऊ इंची विटांचा दोनच्या आसपास. २०१८ च्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीच्या केंद्राच्या नियमावलीत, छताची मर्यादा १.२ आहे. म्हणजे उघडा स्लॅब मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट उष्णता आत सोडतो. गिऱ्हाईक माझ्याकडे येतं ते भिंतीचे ब्लॉक विचारत. छतावर दोन इंच फोम आणि वर चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांचा थर) करा म्हटलं की म्हणतं, पुढच्या वर्षी बघू.

गच्चीवाला_अकोला

नाही लिहिलं, बरोबर आहे. वरची खोली तापते. भिंतींतच पैसे संपले आणि स्लॅब राहिला. पण म्हणून भिंती चुकल्या असं होत नाही. खालच्या तीन खोल्यांत फरक आहे, आणि तो मी मोजलाय.

यवतमाळची_सून

मला एक सांगा, कूलर कुठे लावायचा? आमच्याकडे एसी नाही, घ्यायचाही नाही. कूलरला एक खिडकी लागते आणि समोरची उघडी ठेवावी लागते, नाहीतर दमट होऊन कपडेसुद्धा वाळत नाहीत. तुमचं हे हवाबंद प्रकरण फक्त एसीवाल्यांसाठी आहे का? या फोरमवर येणारा प्रत्येक माणूस विजेच्या बिलाचे आकडे टाकतो. पाण्याचे कुणीच टाकत नाही. आमचा कूलर मेमध्ये दिवसाला पाच बादल्या पितो आणि नळ आठवड्यातून एकदा येतो. त्या पाच बादल्या कुणी भरायच्या, हे घरातल्या बाईला विचारा.

साइटवरचा_माणूस

ताई, कूलर लावाच. कूलर हवा गार करतो, भिंत गार करत नाही. अंगाला झळ लागते ती बऱ्याचदा तापलेल्या भिंतीची आणि छताची, हवेची नाही. ती झळ कमी झाली की कूलर दुपारी बारालाच सुरू करावा लागत नाही, तेवढं पाणी वाचतं. आधी छत करा, मग पश्चिमेची एकच भिंत. सगळं घर एकदम करायची गरज नाही.

ह्यूस्टनकर

आमच्याकडे उलटं सँडविच असतं. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंच फोमचे ठोकळे रचायचे, मधे सळ्या आणि सहा इंच काँक्रीट ओतायचं. साचा काढायचा नाही, तोच भिंतीत राहतो. २०१९ मध्ये बांधलं. वादळात आवाजसुद्धा आत येत नाही. पण आगीचं काळी_माती म्हणतात ते हसण्यावारी नेऊ नका. इथे आतला फोम उघडा ठेवता येत नाही, त्यावर अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड लागतोच.

दोन गोष्टी मला आधी कुणी सांगितल्या नव्हत्या. जमिनीखाली गेलेल्या फोममधून वाळवी वर चढते, दिसतही नाही. आणि घर इतकं घट्ट होतं की बाहेरची ताजी हवा आत आणायला वेगळं यंत्र लागतं. ते लावेपर्यंत फोडणीचा वास दुसऱ्या दिवसापर्यंत घरात असायचा. शिवाय आतला फोम काँक्रीटला खोलीपासून तोडतो. एवढं जड काँक्रीट भिंतीत असून त्याचा गारवा खोलीला मिळतच नाही. पुन्हा बांधलं तर फोम फक्त बाहेरून लावीन.

चिऱ्याचं_घर

रत्नागिरी. आमच्याकडे हे काहीही आणू नका. जांभ्याची भिंत, उंच कौलं, समोरासमोर खिडक्या. इथे घाम वाऱ्याने जातो. शेजारच्या बंगल्यात मुंबईच्या मालकाने भिंतींना आतून फोम लावला आणि चार महिने कुलूप. गणपतीला उघडलं तेव्हा कपाटांच्या मागे बुरशी.

काळी_माती

बघा, हेच म्हणतोय. श्वास. प्रत्येक प्रदेशाने आपलं घर शोधलेलं होतं. कोकणात कौल, मराठवाड्यात माळवद, खानदेशात धाबं. दीड-दोन फूट माती डोक्यावर असली की ऊन आत येईपर्यंत रात्र होते. त्या लोकांना यू-व्हॅल्यू माहीत नव्हता आणि त्यांचं काही अडलं नाही. ते सगळं आपण स्वतःच्या हाताने मोडलं.

औसा_तालुका

मी या विषयात कधी लिहीत नाही. आज लिहितो.

माळवद आम्ही हौसेने मोडलं नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं, किल्लारीचा भूकंप. मी नववीत होतो. रात्री गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. आमचं घर पत्र्याचं होतं, गरिबीचं, म्हणून आम्ही वाचलो. काकांचं माळवद होतं, गल्लीत मानाचं. दर पावसाळ्याआधी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा, जुना कुणी काढत नसे. आजोबांच्या काळापासूनचे थर होते. मी नंतर इंजिनिअर झालो आणि एकदा हिशोब मांडला. दहा बाय बाराची खोली, दीड फूट माती, म्हणजे आठ टनांच्या वर. ते आठ टन चार माणसांवर आलं. सकाळी आम्ही हाताने माती उपसत होतो. ती कोरडी, मैद्यासारखी होती, उपसली की पुन्हा खाली घसरायची. चुलत बहिणीच्या अंगावर कुठेच खरचटलेलंसुद्धा नव्हतं.

तुम्हाला त्या छताखालचा गारवा आठवतो. मला तो मातीचा वास आठवतो.

काळी_माती

तुमच्या दुःखाबद्दल मनापासून वाईट वाटतं. पण तांत्रिक मुद्दा तांत्रिकच ठेवला पाहिजे. किल्लारीत मातीने माणसं मारली नाहीत, वाईट भिंतींनी मारली. गोल धोंडे, मधे गाळ, भिंतीची दोन अंगं बांधणारे जोडदगड नाहीत, कोपरे बांधलेले नाहीत. धड बांधलेली घरं उभी राहिली होती. आणि नंतर काय दिलं? ५२ गावं हलवून सिमेंटची घरं. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, उन्हाळ्यात आत झोपवतं का. अंगणात झोपतात सगळे.

औसा_तालुका

विचारायला कशाला जाऊ? माझी आई त्याच पुनर्वसनाच्या घरात राहते. ती अंगणात झोपते, खरं आहे. उन्हाळ्यात झोपते, पावसाळ्यात ओसरीत झोपते, थंडीत दोन गोधड्या घेऊन झोपते. उकाड्याने नाही. तिला आजही छताखाली झोप लागत नाही. तुमच्या मुद्द्यासाठी तिला वापरू नका.

यवतमाळची_सून

काळी_माती, तुम्ही आता थोडं थांबा.

गच्चीवाला_अकोला

औसा_तालुका, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम केलंत. माझ्या धाग्यात मी भिंतीच्या सात अंशांचं कौतुक करत बसलो होतो.

एक विचारू का? तुम्ही इंजिनिअर आहात. या जाळीच्या भिंती भूकंपात कशा?

औसा_तालुका

ह्याचं उत्तर देता येईल. हलक्या आहेत, पहिला गुण तोच. ७० मिमी काँक्रीट म्हणजे चौरस मीटरला पावणेदोनशे किलोच्या आत. नऊ इंची वीट प्लास्टरसह साडेचारशेच्या पुढे जाते. भूकंपाचा धक्का वजनाच्या प्रमाणात बसतो. पण जाळी कोपऱ्यात, दरवाजा-खिडकीच्या भोवती आणि स्लॅबला सलग बांधलेली पाहिजे. तिथे वेगळ्या जाळीच्या पट्ट्या लागतात. त्या लावल्या का, हे काँक्रीट मारण्याआधी बघावं लागतं, नंतर कुणालाच दिसत नाही. तुमच्या घरात कुणी बघितलं?

गच्चीवाला_अकोला

ठेकेदाराने लावल्या म्हणाला. फोटो आहेत, सगळ्या कोपऱ्यांचे नाहीत.

साइटवरचा_माणूस

इथेच सगळं अडतं. तंत्र चांगलं असतं, ते करणारा हात शिकलेला नसतो. माझ्याच साइटवरची गोष्ट. एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे, आणले. मिस्त्री वीस वर्षं विटा लावणारा, त्याने वाळू-सिमेंटचा जाड मसाला घातला. त्या ब्लॉकला पातळ थराचं चिकटवण वेगळं येतं, तीन मिलिमीटरचं. बीमखालच्या सांध्यावर कोंबडजाळी मारली नाही. वर इलेक्ट्रिशियन आला आणि पाइपासाठी भिंतीत आडवी झरी फोडत गेला. पहिल्याच उन्हाळ्यात प्रत्येक खोलीत तडे. मालक म्हणाला, ब्लॉक वाईट. ब्लॉक वाईट नव्हता, माझी देखरेख वाईट होती. ते प्लास्टर मी स्वखर्चाने पुन्हा केलं.

आणि एक भीती वाटते म्हणून सांगतो. सध्या स्वस्त वसाहतींत ॲल्युमिनियमच्या साच्यात सहा इंचांच्या नुसत्या काँक्रीटच्या भिंती ओततात. मधे फोम नाही, बाहेर फोम नाही. त्या भिंती विटेपेक्षाही वाईट तापतात, यू-व्हॅल्यू उघड्या स्लॅबच्याच घरात जातो. काळी_माती, भट्टी म्हणायचं तर तिला म्हणा. तिथे राहणाऱ्यांना कांबळंसुद्धा परवडणार नाही.

काळी_माती

नुसत्या काँक्रीटबद्दल तुमच्याशी सहमत, त्यात वाद नव्हताच.

औसा_तालुका, तुमच्या आईबद्दल मी जे गृहीत धरलं ते मागे घेतो. ते लिहायला नको होतं. दीड फूट माती डोक्यावर घ्या, असंही आता कुणाला सांगणार नाही. माझ्या घरावर कौलं आहेत आणि भिंतीत लाकडाचे बंध आहेत, हे आधी लिहायला हवं होतं.

थर्माकोलबद्दल एक शब्दही मागे घेत नाही. गच्चीवाले, तुमचा उन्हाळा एकच झालाय. छत केलंत की पुढच्या मेचे आकडे टाका, वरच्या खोलीचेसुद्धा, रात्री अकराचे. दहा वर्षांनीही टाका.

गच्चीवाला_अकोला

टाकतो. छताचं काम होळीनंतर धरतोय, दोन इंच फोम आणि वर मोझॅक. साइटवरचे भाऊ, आधी गळती बघायला गच्चीवर कठड्याच्या कडेने पाणी किती दिवस साठवून ठेवायचं?

तुमच्या मुळशीच्या घराचेही टाका, काळी_माती. तापमापक मी कुरियरने पाठवतो.

साइटवरचा_माणूस

तीन दिवस. आणि कठड्याला फोम वर चढवून घ्या, नाहीतर तिथून उष्णता उतरते. त्या कोपऱ्यांचे फोटो आधी औसा_तालुका यांना दाखवा.