बर्फाखालचे देवमासे: मोजण्याआधी शिकाऱ्यांना विचारायला नको होतं?

क्षितिजा:
अलास्काच्या उत्तर टोकाला उत्कियाग्विक (जुनं नाव बॅरो) गावासमोर दर वसंतात समुद्राच्या बर्फाला भेगा पडतात आणि त्या मोकळ्या पाण्यातून बोहेड देवमासे पूर्वेकडे जातात. १९७०च्या दशकात संशोधक बर्फाच्या कडेला बसून समोरून जाणारे देवमासे मोजत. जेमतेम हजार-दोन हजार उरलेत असा अंदाज निघाला आणि १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग (देवमाशांची शिकार) आयोगाने तिथल्या मूळ रहिवासी इन्युपिअत लोकांना मिळणारी देवमाशांच्या शिकारीची परवानगी शून्यावर आणली. इन्युपिअत सांगत होते, देवमासे लांबून, बर्फाखालूनही जातात, डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतात. कोणी मनावर घेतलं नाही. पुढे पाण्यात हायड्रोफोन (पाण्याखालचे आवाज टिपणारे मायक्रोफोन) सोडले, तेव्हा भेग मिटलेली असतानाही देवमाशांचे आवाज येत राहिले! २००१च्या मोजणीत संख्या दहा हजारांच्या आसपास निघाली.

ज्यांचं पोट त्या प्राण्यावर आहे, त्यांना विचारल्याशिवाय उत्तरेत एकही मोजणी सुरू होऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

निशिकांत:
अजिबात पटलं नाही. १९७७ ते २००१ ही चोवीस वर्षं तुम्ही गिळून टाकलीत. या काळात संख्या वाढत गेली, म्हणजे १९७७ मध्ये दहा हजार होते असं त्यातून निघत नाही. शिवाय १८४८ पासून व्यापारी जहाजांनी तिथे हे देवमासे संपवत आणले होते, आणि १९७०च्या दशकात शिकार पुन्हा वाढली होती. भाला लागून निसटणारे, पुढे मरणारे देवमासे वेगळेच. समोर एवढाच पुरावा असताना आयोगाने काय करायचं होतं? चुकायचंच तर प्राण्याच्या बाजूने चुकावं.

मेधा_र:
निशिकांत, ती चूक प्राण्याच्या बाजूची असेलही, पण भोगली कोणी? वर्षभराचं मांस अख्खं गाव वाटून घेतं तिथे. १९७८ साठी कशीबशी बारा देवमाशांची परवानगी मिळाली, तीही भांडून.

निशिकांत:
मान्य, हाल झाले. पण शिकाऱ्यांचं म्हणणं खरं ठरलं ते हायड्रोफोनमुळेच ना? नुसत्या सांगण्यावर आकडा बदलला असता, तर उद्या कोणीही काहीही सांगेल.

सदानंद:
क्षितिजाताई, 'एकही मोजणी' हे जरा जास्त होतंय. आपलं 'हिमाद्री' संशोधन केंद्र २००८ पासून नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर नी-ओलेसुंदला आहे. गोव्यातली ध्रुवीय संशोधन संस्था ते चालवते. स्वालबार्डला मूळ रहिवासी कधी नव्हतेच. तिथे कोणाला विचारणार?

क्षितिजा:
सदानंद, स्वालबार्डचं बरोबर, ते वाक्य मागे घेते. जिथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात तिथपुरतं म्हणते.

निशिकांत, हायड्रोफोन बर्फाखाली लावून ऐकावं, हे सुचलं कशामुळे? शिकाऱ्यांनी सांगितलं म्हणूनच. आणि बोहेड दोनशे वर्षं जगू शकतो हे कसं कळलं? शिकाऱ्यांनी मारलेल्या देवमाशांचे डोळे संशोधकांच्या हाती आले, त्या भिंगांवरून १९९९ मध्ये वयं काढली. २००७ मध्ये एका देवमाशाच्या मानेत एकोणिसाव्या शतकातल्या भाल्याचा तुकडा सापडला, तोही मांस कापताना, शिकाऱ्यांनाच. आधी त्यांच्यावर बंदी आणि मग त्यांच्याकडूनच नमुने, याला माझा विरोध आहे.

निशिकांत:
दोनशे वर्षं जगणारा प्राणी पिल्लंही सावकाश देतो. एकदा संख्या खरंच ढासळली, तर भरून यायला आपली हयात पुरणार नाही. १९७७ मध्ये मी त्या बैठकीत असतो, तर हात बंदीच्याच बाजूने वर केला असता. आणि दुसऱ्या दिवशी हायड्रोफोनसाठी पैसे मागितले असते.