एडीएचडी असलेल्या आठवी-नववीच्या मुलांना सीबीटी शाळेतच मिळावी का?

शाळा_समुपदेशक:
माझं मत, हो. एडीएचडीमुळे लक्ष टिकवणं आणि काम आखणं जड जातं. दरवर्षी अशी मुलं माझ्याकडे येतात. गृहपाठ केलेला असतो, पण दप्तराच्या तळाशी चुरगळलेला. प्रकल्प आदल्या रात्री सुरू होतो. आणि मनात पक्कं बसलेलं असतं, "मी आळशीच आहे." सीबीटी म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचाराची पद्धत. तीत मोठं काम तुकड्यांत तोडायला शिकवतात, मध्येच सुचलेली गोष्ट कागदावर टिपून हातातलं काम पुढे न्यायला शिकवतात आणि "आता करून काय उपयोग" या विचाराची शहानिशा करायलाही. औषधाने फायदा होऊनही अडचणी उरल्या तर किशोरांसाठी सीबीटीचा विचार करावा, असं ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेच्या २०१८ च्या सूचनांत आहे. बाहेरच्या थेरपिस्टपर्यंत फार थोडी मुलं पोहोचतात. शाळेने आठवड्याची एक तासिका द्यावी.

गणित_शिक्षक:
माझा विरोध आहे. तुमच्या शांत खोलीत मूल सगळं नीट सांगतं. पस्तीस जणांच्या वर्गात त्यातलं काहीच होत नाही. एडीएचडीचे अमेरिकन अभ्यासक रसेल बार्कली वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत: काय करायचं ते या मुलांना ठाऊक असतं, ऐन वेळी ते हातून होत नाही. मग मदतही ऐन वेळी, त्याच बाकाशी हवी. शिवाय उठवून नेलेल्या तासाला बुडालेली बीजगणिताची पायरी कोण भरून देणार?

शाळा_समुपदेशक:
तासिका बुडवायलाच हवी असं नाही. अमेरिकेतल्या 'होप्स' या गृहपाठ आणि नियोजन शिकवणाऱ्या कार्यक्रमात शाळेतच १६ भेटी होतात, प्रत्येक फार तर २० मिनिटांची. तिथे खरं दप्तर उघडतात, खरी वही तपासतात.

गणित_शिक्षक:
त्याच्या २०१२ च्या चाचणीत पालकांना सुधारणा दिसली, शिक्षकांच्या नोंदींत दिसली नाही. मी हेच म्हणतोय.

शाळा_समुपदेशक:
हे मान्य करावंच लागेल. विषयशिक्षकाला मूल दिवसातून एकच तास दिसतं, हे एक कारण असू शकेल. पण तेवढं म्हणून मी हात झटकणार नाही.

नववीतल्या_मुलाची_आई:
आम्ही आधी औषध टाळून फक्त सीबीटी केली. चौथ्या भेटीपर्यंत घरी भरायला दिलेला तक्ता कोराच. मुलगा रडून म्हणाला, "मला हेही जमलं नाही." औषध सुरू झाल्यावर त्याच समुपदेशकांकडे तोच तक्ता भरायला लागला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सुसान स्प्रिच यांच्या २०१६ च्या अभ्यासात सीबीटीने फरक पडला हे खरं, पण त्यातले १४ ते १८ वयाचे सगळे ४६ जण औषधावर होते. प्रत्येक मुलाला औषध लागेल असं मी म्हणत नाही. पण "गोळ्या नकोत, थेरपी करू" असा पर्याय शाळांनी पालकांसमोर ठेवू नये. आमचं एक वर्ष त्यात गेलं.

आता_कॉलेजात:
मी स्वतः एडीएचडी असलेला असाच एक मुलगा होतो. "मी आळशी आहे याचा पुरावा काय?" असं मला विचारलं गेलं. पुरावा ढीगभर होता! सात अपूर्ण वह्या समोर होत्या. नुसता विचार तपासून माझं काही बदललं नाही. एका ताईंनी दर शुक्रवारी शेजारी बसून एकच वही पूर्ण करून घेतली, मग दुसरी. चार वह्या झाल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा कुठे माझ्याकडे वेगळं उत्तर होतं. आधी कृती, मग विचार, हा क्रम या मुलांसाठी जपा. आणि वर्गासमोर नाव पुकारून बोलावू नका. "कुठे गेला होतास?" याचं उत्तर द्यायला लागू नये म्हणून मी दोन भेटी चुकवल्या होत्या.

शाळा_समुपदेशक:
नाव पुकारण्याची चूक माझ्याकडूनही झाली आहे. उद्यापासून ते बंद.

गणित_शिक्षक:
तासिकेला माझा विरोध कायम आहे. पण शुक्रवारच्या माझ्या तासाची शेवटची दहा मिनिटं घ्या. वर्गात या, त्या मुलाच्या बाकाशी बसा. तेवढ्या वेळात मी सगळ्या वर्गाकडून वही-तपासणी करून घेतो, म्हणजे तो एकटा पडणार नाही.