नागपूरच्या महालातला वाडा, आणि फ्रान्समधले लोक हे जमवतात कसं?

महालकर काका:
नमस्कार मंडळी. पोरीकडे फ्रान्सला जाऊन आलो, तिनं लुआर नदीकडचा विलांद्री दाखवला. म्हणायला किल्ला, खरं तर राजवाडाच, १५३६ च्या सुमारास बांधून झालेला अन् आजही खाजगी मालकीचा. आल्यापासून आमच्या वाड्याकडे पाहवत नाही. सागवानी खांब ठणठणीत आहेत, पण माझ्या काकांनी कधीतरी आतून सिमेंट मारलं अन् आता कमरेइतक्या उंचीपर्यंत लोणा (भिंतीतून फुटणारं मीठ) लागून राहिला, हात लावला की पापुद्रे हातात येतात. चार हिस्सेदार, तिघं म्हणतात बिल्डरला देऊन मोकळे व्हा. एकट्या घरमालकाला हे झेपतं कसं?

चुनेवाला:
काका आधी छपराचे कवेलू अन् पन्हाळ बघा, वरून पाणी येत असेल तर खाली काहीही करा, फुकट आहे. मग ते सिमेंट काढा. जुनी भिंत जमिनीतली ओल वर ओढते अन् चुन्यातून बाहेर सोडते, सिमेंटनं तोंड बंद केलं की ओल आतच राहते, मीठ फुलतं अन् वीट भुसभुशीत होते. लुआरकडचा तुफो दगडही असाच मऊ, त्यालाही सिमेंट सोसत नाही. चुन्याचा नवा गिलावा मात्र दिवाळीनंतरच, मे महिन्यात ४५ डिग्रीत चुना तडकलाच समजा.

बर्डीचा पोट्टा:
काका तिथं लोक तिकीट काढून येतात. आपल्या इथं कोण येईन बाप्पा, बडकस चौकात गाडी लावाले जागा नाही 😂

वाचनवेडी:
अरे तिकिटाचं डोकं विलांद्रीच्या मालकाचंच होतं ना! जोआकिम कार्व्हालो, स्पॅनिश डॉक्टर, बायको अ‍ॅन कोलमन अमेरिकेची, पैसेवाल्या घरची. १९०६ ला घेतला, बुजवलेल्या खिडक्या उघडल्या, इंग्लिश थाटाची बाग काढून भाजीपाल्याचे नऊ चौकोन मांडले, लोक आता राजवाड्याइतकीच पत्ताकोबी बघायला जातात. १९२४ मध्ये त्यानं अशा घरमालकांची संघटनाही काढली. फक्त त्याला चार हिस्सेदार नव्हते काका, तुम्ही आधी वाटणीचं कागदावर घ्या. अन् वाडा हेरिटेज यादीत आहे का तेही बघा, असला तर बिल्डरचा विषयच वेगळा होतो.

महालकर काका:
यादीचं बघतो. तोवर देवघराची एक भिंत खरवडून पाहतो. कळीचा चुना प्लास्टिकच्या जुन्या टाकीत भिजवला तर चालेल का?

चुनेवाला:
अजिबात नको! पाणी पडलं की उकळतो तो. लोखंडी ड्रम घ्या, डोळ्यावर चष्मा लावा, अन् पाण्यात चुना टाका, चुन्यावर पाणी नाही.