श्रद्धेतून केलेली कला: हेतू शुद्ध असला की पुरे, की काम सुंदरही हवं?

शाईपेन (धागाकर्ता)

ख्रिस्ती विषयावरच्या कलेबद्दल एक वाक्य सारखं कानावर येतं: "भावना महत्त्वाची, बाकी देव पाहून घेतो." चित्रातल्या माणसाचे हात लाकडी दिसोत, गीताची तिसरी ओळ निव्वळ यमकासाठी भरलेली असो, हे वाक्य आलं की पुढे कुणी बोलत नाही. मला हे अजिबात मान्य नाही. श्रद्धेतून काम करणाऱ्याने सगळ्यात आधी ते काम नीट केलं पाहिजे. सौंदर्य म्हणजे संदेशावर गुंडाळायचा चकचकीत कागद नव्हे.

आधार शास्त्राचाच, म्हणजे बायबलचाच घेतो. निर्गम ३१ मध्ये देव बसालेल या निवासमंडपाच्या कारागिराला आपल्या आत्म्याने भरतो. कशासाठी? उपदेशासाठी नाही. सोन्या-रुप्याचं आणि पितळेचं काम, रत्नं कोंदणात बसवणं, लाकडावरचं कोरीवकाम, यासाठी. त्याच्या आधी अध्याय २८ मध्ये मुख्य याजकाच्या झग्याचा घेर आहे: एक सोन्याची घंटा, एक डाळिंब, पुन्हा घंटा, पुन्हा डाळिंब. घंटेचं काम सांगितलं आहे, याजक आत-बाहेर करताना तिचा आवाज ऐकू यावा. निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुताच्या डाळिंबांचं काम मात्र कुठेच सांगितलेलं नाही. ती शोभेसाठी आहेत, तरी आज्ञा दोन्हींसाठी सारखीच आहे. मला तरी एवढं पुरेसं वाटतं.

गव्हाण

असहमत. बसालेलासाठी देवाने मोशेला डोंगरावर नमुना दाखवला होता. आपल्याला तसा कुणी दाखवलेला नाही, त्यामुळे आपण स्वतःच्या आवडीला देवाची आज्ञा म्हणून बसतो.

आणि पितळी साप कसा विसरलात? गणना २१ मध्ये तो देवाच्याच सांगण्यावरून घडवला गेला. त्याच्याकडे पाहून सर्पदंश झालेले लोक जगले. पुढे लोक त्याच सापापुढे धूप जाळू लागले आणि हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले (२ राजे १८). शास्त्र त्या राजाला नावाजतं. हेतू कितीही शुद्ध असला तरी घडवलेल्या वस्तूचं पुढे काय होईल, हे घडवणाऱ्याच्या हातात राहत नाही.

दुसरा मुद्दा खर्चाचा. ११२५ च्या सुमारास क्लेअरव्हो मठाचा प्रमुख बर्नार्ड याने क्लूनी या दुसऱ्या पंथाच्या मठांमधल्या सजावटीवर कडक टीका केली. आशय असा, की चर्चच्या भिंती झळाळतात आणि गरीब उपाशी. दगडांना सोन्याचा मुलामा आणि लेकरं उघडी. या प्रश्नाला सरळ उत्तर द्या, मग डाळिंबांवर बोलू.

खडू

बर्नार्डचं नाव निघालंच आहे म्हणून सांगते. त्याच्या सिस्टर्शियन पंथाचा फ्रान्समध्ये फाँतने नावाचा मठ आहे. त्याचं चर्च ११४७ मध्ये अभिषिक्त झालं. आत शिल्पांची गर्दी नाही, सोनं नाही. फक्त दगड, टोकदार कमानी आणि खिडक्यांतून आत येणारा उजेड. १९८१ मध्ये तो जागतिक वारसा यादीत गेला. बर्नार्डच्या माणसांनी सजावट टाकून दिली, पण प्रमाणबद्धता आणि उजेड यांबद्दलची काळजी टाकली नाही. तेव्हा बर्नार्डचं भांडण डामडौलाशी होतं. तुम्ही ते सौंदर्याच्या विरोधात वापरताय, ते मला पटत नाही.

पण धागाकर्त्यांशीही माझं पूर्ण जमत नाही. 'सुंदर' म्हणजे गोड, गुळगुळीत, प्रसन्न असं धरून चाललात तर गडबड होईल. ग्रूनेवाल्ड या जर्मन चित्रकाराने १५१२ ते १५१६ या काळात इसेनहाइमच्या मठासाठी रंगवलेली वेदी, म्हणजे वेदीमागची उघडमीट होणारी चित्रफळी, पाहा. वधस्तंभावरच्या येशूची कातडी हिरवट पडली आहे, अंगभर फोड आणि काट्यांची कुसळं रुतलेली, बोटं वेदनेने ताठरून वर वळलेली, पावलं सुजलेली. हा मठ रुग्णांची सेवा करायचा. तिथे येणाऱ्यांत 'संत अँथनीची आग' या रोगाचे लोक बरेच असत. राय नावाच्या धान्यावरच्या बुरशीतून तो व्हायचा. अंग जळल्यासारखं व्हायचं, बोटं आणि पाय काळे पडून झडायचे. त्या माणसांना आपल्यासारखंच शरीर वेदीवर दिसत होतं. आणि वेदीची दारं उघडली की आत पुनरुत्थानाचं चित्र आहे: तोच येशू, पण कातडी स्वच्छ, अंगावर फक्त जखमांच्या खुणा, भोवती पिवळ्या-केशरी तेजाचं वर्तुळ.

इथे हेतू आणि कौशल्य वेगळे काढून दाखवा. मला तरी काढता येत नाहीत. फोड कच्च्या हाताने रंगवले असते तर रुग्णाला त्यात स्वतःचं अंग दिसलंच नसतं.

षड्ज

मी श्रद्धाळू नाही, पण हे संगीत मनापासून ऐकतो, म्हणून लिहितोय. तुम्ही सगळे 'हेतू' हा शब्द फार विश्वासाने वापरताय. जर्मन संगीतकार बाखचं ख्रिसमस ओरॅटोरिओ (धार्मिक कथेवरची मोठी गायन-वादन रचना) घ्या, १७३४ चं. त्याचा सुरुवातीचा समूहगानाचा भाग ऐकून लोकांना ख्रिस्तजन्माचा आनंद जाणवतो. ते संगीत मुळात १७३३ च्या डिसेंबरात सॅक्सनीच्या राजघराण्यातल्या राणी मारिया योझेफाच्या वाढदिवसासाठी रचलेलं होतं. त्या मूळ रचनेचे पहिले शब्द नगाऱ्यांना वाजायला सांगतात, म्हणून सुरुवातीलाच नगारे आहेत. बाखने शब्द बदलले, नगारे तसेच ठेवले.

आता सांगा, भक्तीचा हेतू स्वरांत नेमका कुठे आहे? तेच स्वर राणीलाही चालले आणि तारणाऱ्यालाही. माझं मत सरळ आहे: चांगलं काम चांगलंच असतं, त्याला श्रद्धेचं श्रेय देण्याची गरज नाही.

शाईपेन

षड्ज, तुमचा मुद्दा वजनदार आहे. पण त्यातून तुम्ही काढता तो निष्कर्ष निघत नाही. हेतू स्वरांत मिसळलेला असतो असं मी म्हणतच नाही. तो काम करण्याच्या रीतीत असतो. बाख अनेक हस्तलिखितांच्या सुरुवातीला 'येशू, साहाय्य कर' आणि शेवटी 'केवळ देवाला गौरव' यांची आद्याक्षरं लिहायचा. १७२० मध्ये त्याने मोठ्या मुलासाठी सरावाची वही सुरू केली, तीही येशूच्या नावाने. त्या वहीत वाद्याच्या पट्ट्यांवर बोटं कशी टाकायची याचे धडे आहेत! त्याच्या लेखी चर्चचं संगीत पवित्र आणि बाकीचं ऐहिक अशी भिंतच नव्हती. राणीसाठी रचतानाही त्याने हलकं काम केलं नाही, म्हणून ते संगीत गोठ्यापाशी नेता आलं. फालतू लिहिलं असतं तर नेता आलं असतं का?

गव्हाण, खर्चाबद्दल: बेथानीची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. एक बाई अलाबास्त्राची कुपी फोडून जटामांसीचं मोलाचं तेल येशूच्या मस्तकावर ओतते (मार्क १४). लोक कुरकुरतात की तीनशे दीनारांना विकून गरिबांना देता आलं असतं. एक दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. जवळजवळ वर्षभराची कमाई झाली ती. येशू कुणाची बाजू घेतो? बाईची.

गव्हाण

ती गोष्ट या वादात नेहमी पुढे केली जाते आणि अर्धीच सांगितली जाते. तेल येशूच्या देहावर ओतलं होतं, भिंतीवर नाही. तो स्वतः म्हणतो की मी तुमच्याजवळ नेहमी असणार नाही, गरीब नेहमी असतील. मग आज त्याचा देह कुठे शोधायचा? मत्तय २५ वाचा: भुकेला, तहानेला, उघडा, आजारी, तुरुंगातला. तेल ओतायचंच असेल तर तिथे ओता.

खडूताईंची वेदी मात्र मला पटली, कारण ती रुग्णांच्या खोल्यांपासून दूर नव्हती. माझा आक्षेप आहे तो मंडळीला, म्हणजे उपासनेला जमलेल्या लोकांना, नुसतं प्रेक्षक बनवणाऱ्या कलेला. झ्युरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली स्वतः अनेक वाद्यं वाजवणारा माणूस, पण त्याच्या सुधारणेत १५२४ मध्ये चर्चमधल्या प्रतिमा उतरवल्या गेल्या आणि १५२७ मध्ये तिथल्या ग्रोसम्युन्स्टर या मोठ्या चर्चचा ऑर्गनही काढला गेला. ज्याला संगीत कळत नव्हतं अशा माणसाची ही अरसिकता नव्हे. संगीताची ओढ किती जबर असते, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

खडू

त्याच १५२४ सालात विटेनबर्गमध्ये योहान वाल्टरचं गीतांचं पुस्तक निघालं. त्याच्या प्रस्तावनेत जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर म्हणतो की सगळ्या कला, विशेषतः संगीत, ज्याने त्या दिल्या त्याच्या सेवेत असाव्यात असं मला वाटतं. दोघेही सुधारक, दोघेही संगीत जाणणारे, आणि उत्तरं अगदी उलटी. ल्यूथरच्या वाटेने मंडळी गायला लागली, प्रेक्षक राहिली नाही. तुमची भीती खरी आहे, पण तिच्यावर ऑर्गन काढणं हा एकच इलाज नव्हता.

आणि आपल्याच भाषेतलं उदाहरण द्यायचं तर थॉमस स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण', १६१६ चं. इंग्लंडात जन्मलेला हा जेझुइट (कॅथलिक संघातला धर्मगुरू) ख्रिस्तकथा सांगायला ओवी शिकला, हजारो ओव्या रचल्या. मजकूर पोचवणं एवढंच मनात असतं तर प्रश्नोत्तरांचं पुस्तक पुरलं असतं, आणि तेही त्याने लिहिलंच होतं. तरी वर्षानुवर्षं एका परक्या छंदावर मेहनत घेतली. ऐकणाऱ्याच्या कानाचा इतका मान राखणं ही मला सेवाच वाटते, मत्तय २५ पासून फार लांबची नाही.

षड्ज

छंदावरची मेहनत मला कळते, तिच्यासाठी श्रद्धा लागते हे अजून कळत नाही. अश्रद्ध कवीही तेवढीच मेहनत घेतो. धागाकर्त्यांचं 'काम करण्याच्या रीतीत' हे उत्तर मात्र मी नाकारणार नाही. वाढदिवसाच्या संगीतात कसूर न करणारा माणूस ही माझ्याही आदराची गोष्ट आहे.

गव्हाण

क्रिस्तपुराण मान्य. ते गाऊन-वाचून दाखवता येतं, अक्षरओळख नसलेल्यालाही ऐकता येतं, आणि त्याला सोनं लागत नाही. अशा सौंदर्याला माझा विरोध कधीच नव्हता. पण नव्या वेदीसाठी वर्गणी काढायची वेळ आली की मी तोच प्रश्न पुन्हा विचारणार, आणि उत्तर मिळाल्याशिवाय हात वर करणार नाही.